सशाने आखलेले शहर आणि 'वीरधवल'

जुन्या अद्भुतरम्य कादंबरीतला नायक जखमी झाला तर वाचकाने काळजी करू नये. दोन प्रकरणांत तो पुन्हा घोड्यावर असतो. नायिका पुरुषवेषात समोर उभी राहते आणि तिच्यासाठी जीव पणाला लावणारा तोच शहाणा तिला ओळखत नाही! शाळकरी पोराला कळते ते त्याला कळत नाही, खरी गंमत तिथेच.

'वीरधवल' १९१३ची. लेखक नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. तरुणपणी शिकारीला गेलेला हा माणूस सिंहगडाच्या कड्यावरून पडून कमरेखाली लुळा झाला आणि मग बसल्या जागेवरून त्याने साऱ्या महाराष्ट्रातल्या पोरांना तट चढायला लावले.

असल्या पुस्तकांना चिकित्सक नाक मुरडतात. पुण्या-मुंबईत बसून खुशाल मुरडावे. चंद्रपूरकराची मात्र पंचाईत आहे. त्याच्या गावाची दंतकथाच नाथमाधवांना लाजवील अशी. गोंडराजा खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर गाठी. शिकारीत तहानलेल्या राजाने झरपटच्या कोरड्या पात्रातल्या डबक्यात तोंड धुतले आणि गाठी ओसरल्या. पुढे तिथेच, कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या कुत्र्यामागे लागला. होय, कुत्रा पुढे, ससा मागे! राणी म्हणाली, ज्या वाटेने हे धावले त्याच वाटेने तट बांधा.

कुठल्याही संपादकाने हे प्रकरण कापले असते. इथे त्यावर शहर उभे राहिले: चार दरवाजे, पाच खिडक्या आणि त्यातल्या एकीचे नाव चक्क चोरखिडकी. संध्याकाळी जटपुरा गेटपाशी अडकलेल्या स्कूटरवाल्याचे सशाच्या नगररचनेविषयीचे मत मात्र छापण्याजोगे नाही.

प्रेमकथा हवी? राणी हिराईने बीरशहाची समाधी अंचलेश्वर मंदिराशेजारी बांधली. नवऱ्यासाठी बायकोने! ताजमहालाच्या कौतुकात हे कुणी सांगत नाही.

आणि हा शौक पुस्तकांपुरताच नाही. धान घरात आले, मंडई भरू लागली की वडसा-देसाईगंजच्या कंपन्या गडचिरोलीच्या गावोगावी नाटके घेऊन निघतात. नाटक रात्रभर चालते, पहाटेच्या गारठ्यात शाल कानावर ओढून लोक नायकाच्या हालांवर डोळे पुसतात. याच झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. एवढ्या जागरणाची सवय असलेल्या मुलखाला तीनचारशे पानांची काय मातब्बरी!

तेव्हा 'वीरधवल' हाती लागली तर चिकित्सा बाजूला ठेवा आणि जेवण लवकर उरकून बसा. नाहीतर दुसऱ्या दिवशी ऑफिसात रजेचा अर्ज टाकावा लागेल, आणि कारणाच्या रकान्यात काय लिहायचे ते तुमचे तुम्ही बघा.