रेझोनेटर गिटारच्या आवाजाची तुलना: इच्छुकांसाठी सूचना

रेझोनेटर गिटार एकच असेल तर तिचा आवाज कसा आहे हे सांगता येत नाही. ती वाजते की नाही एवढेच कळते. म्हणून दुसरी घ्यावी. ती पहिलीपेक्षा वेगळ्या जातीची असावी, नाहीतर वादाला जागा राहत नाही.

जाती तीन. पहिली ट्रायकोन, लॉस एंजेलिसच्या नॅशनल कंपनीची, 1927 च्या सुमाराची. जॉर्ज बीचम हा रंगमंचावर वाजवणारा गिटारवादक. बाकीच्या वाद्यांच्या गलक्यात आपली गिटार कुणाला ऐकू जात नाही, हे त्याचे दुःख. व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या जॉन डोपेराने त्यावर इलाज शोधला: धातूच्या पोटात ॲल्युमिनियमचे तीन पातळ शंकू आणि त्यांवर इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची घोडी. पुढे डोपेराचे कंपनीशी फाटले. त्याने भावांना घेऊन डोब्रो काढली. तिच्यात शंकू एकच, तोही वाटीसारखा उताणा, आणि त्यावर कोळ्यासारखी आठ पायांची घोडी. तिसरी नॅशनलचीच, एका शंकूची. हिच्यात शंकूच्या टोकावर लाकडाची गोल चकती असते, तिला बिस्किट म्हणतात. पाहुण्यांना हे चहाबरोबर सांगू नये.

आता प्रत्यक्ष तुलना. गिटारला हात लावण्याआधी सिरीयल नंबर वाचावा. साल कळल्याशिवाय आवाज जुना वाटत नाही. मग एकीवर नव्याकोऱ्या तारा चढवाव्यात, दुसरीवर गेल्या दिवाळीपासूनच्या तशाच राहू द्याव्यात. एक तारांवरून सरकवायच्या काचेच्या नळीने वाजवावी, दुसरी पितळेच्या. जो काही फरक पडेल त्याचे श्रेय अंगाच्या धातूला द्यावे: पितळ ‘उबदार’, पोलाद ‘रांगडे’, जर्मन सिल्व्हर ‘रेशमी’. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते, असते ते तांबे, निकेल आणि जस्त. पण मालकाला चांदी स्पष्ट ऐकू येते. तारा सारख्या, नळी एक, वादक एक आणि ऐकणाऱ्यांचे डोळे बांधलेले, असा प्रस्ताव एखाद्या आगाऊ माणसाने मांडला तर त्याला पुन्हा बोलावू नये.

दांडीकडेही लक्ष द्यावे. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची तिची दांडी चौकोनी, नेहमीसारखी धरायची तिची गोल. जुन्या ट्रायकोनमध्ये गोल दांडी विरळा, म्हणून भारी किमतीची. शंकू दोन्हींत तेच तीन. आवाजातला फरक लक्षात येत नसेल तर आधी किंमत ऐकावी आणि मग गिटार.

झाकण उघडून आत बघण्याचा मोह प्रत्येकाला होतो. बघावे, पण बोटे मागे ठेवावीत. एका शंकूच्या नॅशनलमध्ये शंकू आतल्या कडेवर नुसता टेकलेला असतो. ना डिंक, ना खिळा. तारांचा दाब हेच त्याचे बंधन, त्यामुळे सगळ्या तारा एकदम उतरवल्या की तो जागचा सरकू शकतो. अंगठा जरा जोरात टेकला की पत्र्याला पोचा पडतो. ‘झीं’ असा आवाज येऊ लागला तर तंबोऱ्याच्या सवयीने ‘जवारी छान लागलीय’ म्हणून मान डोलावू नये. इथे तो आजार आहे: शंकू नीट बसलेला नाही, नाहीतर बिस्किटाचा किंवा झाकणाचा स्क्रू ढिला आहे. गिटार नवी असेल तर स्क्रू आवळावा. 1930 ची असेल आणि खरखर काही केल्या जात नसेल, तर तिला स्वभाव म्हणावे.

शंकू बदलावा का? वाजवायची असेल तर बदलावा. जुना कापडात गुंडाळून केसमध्ये ठेवावा. विकताना तो दाखवता येतो आणि तुलना करताना त्याचाच आवाज येतोय असे म्हणता येते.

डुओलियन मालकांसाठी वेगळी सूचना. ही 1930 साली साडेबत्तीस डॉलरला मिळणारी, रंगवलेल्या पोलादाची, नॅशनलची स्वस्तातली गिटार. रस्त्यावर आणि नाचाच्या गर्दीत ऐकू जावी म्हणून ब्लूजवाल्यांनी धातूच्या अशा गिटारी जवळ केल्या आणि धुळीपावसात मनसोक्त बडवल्या. आज तिला घामाचा हात लागू देऊ नये. सोसायटीतल्या लोकांची तक्रार येईल अशा जोराने तर मुळीच वाजवू नये. तिच्याशेजारी ताडाची झाडे कोरलेली ‘स्टाइल ओ’ असेल, तर डायर स्ट्रेट्सच्या 1985 च्या ‘ब्रदर्स इन आर्म्स’चे कव्हर हाताशी ठेवावे. ढगांतली ती गिटार सगळ्यांनी पाहिलेली असते, त्यामुळे वाजवून दाखवण्याची वेळ येत नाही.

भारताशी नाते हवेच असेल तर टाउ मो यांचे नाव घ्यावे. हवाईचा हा गिटारवादक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कुटुंबासह कोलकात्यात होता. मात्र एवढ्यावरून आपली गिटार त्यांच्या हातातली होती असे सुचवणे सभ्यपणाला धरून नाही. निदान पहिल्या भेटीत सुचवू नये.

शेवटी कुणीतरी विचारतेच: आवाजच मोठा हवा होता, तर साधी गिटार घेऊन ॲम्प्लिफायर का नाही लावला? प्रश्न रास्त आहे. तो बीचमलाही पडला होता. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने, नॅशनलला धातूची अंगे बनवून देणाऱ्या ॲडॉल्फ रिकनबॅकरलाच हाताशी धरून, ‘फ्राइंग पॅन’ नावाने ओळखली जाणारी विजेची गिटार आणली आणि मोठ्या आवाजासाठी शंकूंची गरजच संपवली. ही माहिती आपल्याजवळच ठेवावी, निदान तिसरी गिटार घरात येईपर्यंत.