एका ठोक्याचा मानकरी

यूथ ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाली मुलं भेदरलेली असतात, ट्रम्पेटवाली वाह्यात. खरा रुबाब मागच्या रांगेतल्या झांजवाल्याचा. त्यातून कार्यक्रमात द्वोर्झाकची नववी, ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनी असेल, तर त्याच्याशी बोलायची सोय राहत नाही. चार भाग, जवळजवळ पाऊण तास वादन आणि त्यात झांजेचा ठोका एक. तोही चौथ्या भागात, आणि दणक्यात नव्हे, मध्यम आवाजात.

वास्तविक तिसऱ्या भागात ट्रँगल वाजवणारा हा ठोकाही सहज उरकू शकतो. पण इथे कुणाला वगळून चालत नाही. फी सगळ्यांच्या आईबापांनी भरलेली असते.

हा प्राणी न्यू जर्सीतल्या मराठी घरात निपजला, की सांगलीहून आजी व्हिडिओ कॉलवर कळवळते, “आरतीला झांज बडवायचास तेच बरं होतं रे. तिथे तुला वाजवू का देत नाहीत?”

“वाजवणं सोपं गं आजी. मोजणं अवघड.”

दुसऱ्या भागात इंग्लिश हॉर्नची ती संथ धून सुरू होते, अख्खं सभागृह हळवं होतं. हा मात्र मांडीवरच्या झांजेवरचा नसलेला डाग फडक्याने पुसत असतो. चौथा भाग लागला की उठतो. चामड्याच्या वाद्या मुठीत घट्ट धरतो. ओठ हलू लागतात. बार मोजणं चाललेलं असतं. साठ ओलांडले की झांजा छातीपर्यंत येतात, एक जराशी तिरकी होते, आणि कड कडेला लागून जेमतेम ‘छ्श्श’ होतं. झालं. पाठोपाठ क्लॅरिनेट गाऊ लागतो आणि लोकांचे कान तिकडे जातात. बाबांनी फोन झूम करून धरलेला असतो, पण नेमकं त्याच क्षणी पुढच्या खुर्चीतलं टक्कल आडवं येतं.

मग तो खाली बसतो. सिम्फनी त्याच्यापुरती संपलेली असते. बाकीची मंडळी मागे राहिलेली आवराआवर करत असतात. कार्यक्रमानंतर समोशाच्या टेबलाशी कुणी ‘छान झालं हो’ म्हणालंच, तर उत्तर तयार : “टेम्पो जरा धावत होता. सांभाळून घेतलं.” 1893 साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ही सिम्फनी पहिल्यांदा झाली, तेव्हा सगळ्या टाळ्या द्वोर्झाकनेच घेतल्या, हे त्याला अजूनही पटलेलं नाही.

पुढच्या हंगामात ब्रुकनरची सातवी आहे. तिच्यातही झांजेचा ठोका एकच, पण भलताच जोरकस. फक्त रॉबर्ट हास यांनी संपादित केलेल्या आवृत्तीत तो गाळलाय. कंडक्टर कोणती आवृत्ती घेणार, याची चौकशी त्याने आत्तापासूनच सुरू केली आहे.