वेटिंगराव

सकाळी दहा पस्तीस. दहाला ऑफिस उघडतं. पाच मिनिटं बाबू खुर्ची पुसतात, वीस मिनिटं चहा-पोहे, दहा मिनिटं कालच्या पावसाची चर्चा. म्हणजे दहा पस्तीसला माणूस फोन उचलायच्या मूडमध्ये येतो. पावणेअकरानंतर लावलात, तर साहेब मीटिंगमध्ये गेलेले असतात. हे गणित वेटिंगरावांनी अख्खा पावसाळा खर्चून बसवलं आहे.

खरं नाव वेगळं. पण थोरली मुलगी मेडिकलच्या ॲडमिशनमध्ये अडकल्यापासून "काय झालं?" या प्रश्नाला ते "वेटिंग!" एवढंच सांगतात, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं. आमच्या देवासात असे तिघं आहेत, धारला दोन, आणि इंदूरला तर कुठल्याही कोचिंग क्लासच्या दारात स्कूटरवर बसलेले सापडतील. हातात फाइल, कानाला फोन, चेहऱ्यावर "लाइनवर घेतलंय" असा भाव.

वास्तविक वेटिंग असं काही नसतंच. नीटचे ७२० पैकी गुण, त्यावरून देशाची रँक, तीतून राज्याची मेरिट लिस्ट. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा दिल्लीहून भरतात, ८५ टक्के भोपाळहून. पोरांनी कॉलेजांचा पसंतीक्रम भरून लॉक करायचा, पुढचं कंप्युटर बघतो. पहिल्या फेरीत नाही तर दुसरी, मग मॉप-अप, मग उरल्यासुरल्या जागांची स्ट्रे. दिल्लीच्या एम्सला कुणी गेला की त्याच्या मागचा एक पाऊल पुढे, त्याच्या जागेवर आणखी कुणी; हा धक्का आमच्या गल्लीपर्यंत पोचायला दसरा उजाडतो. ज्याला दोन शब्द सांगावेत असा माणूस या साखळीत कुठेच नाही. डीनला पत्र लिहून रँक सुधारत नाही.

हे पटवून घ्यायला वेटिंगरावांचं देवासपण आडवं येतं. १९४८पर्यंत या एका गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन्हीकडे पवारच. दोन गाद्या, दोन दरबार. वेटिंगरावांचे आजोबा म्हणे प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती काढायचे. एका दरबाराने नाही म्हटलं की रस्ता ओलांडायचा. ते बाळकडू. धारचे मेहुणे या दोन पात्यांवरून त्यांना कायम डिवचतात, तर वेटिंगराव शांतपणे हिशेब मांडतात: "धारच्या महाराजांना तोफांची सलामी पंधरा. आमच्या थोरल्यांना पंधरा, धाकट्यांना पंधरा. झाल्या किती?"

शिवाय गावाची कीर्तीच मुळी पत्रांनी झालेली. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीरावांचा खाजगी चिटणीस म्हणून इथे येऊन राहिला, आणि इथून घरी धाडलेल्या पत्रांवर त्याने पुढे, १९५३मध्ये, ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक उभं केलं. वेटिंगरावांनी ते वाचलेलं नाही. पण "देवासहून लिहिलेलं पत्र वाया जात नाही" हा निष्कर्ष त्यांनी त्यातून काढलेला आहे.

आता फाइल. ती पाहण्यासारखी आहे. बाहेरून हिरवं कापड, आत प्लास्टिकची पाकिटं. दहावीच्या मार्कशीटच्या चौदा प्रती, मूळ निवासी प्रमाणपत्र, समग्र आयडी, मुलीचे पासपोर्ट फोटो अठ्ठेचाळीस, आणि सगळ्यात मागे तिला तिसरीत मिळालेलं रंगभरण स्पर्धेचं उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्रक. "हे कशाला?" मी विचारलं. "सर्जन व्हायचंय ना. हात स्थिर असल्याचा पुरावा." प्रत्येक झेरॉक्सवर स्वतःची सही चालते हे माहीत असूनही प्रत्येकीवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का. साधी सही त्यांना बिनफोडणीच्या वरणासारखी वाटते.

जुलैपर्यंत नुसते अर्ज होते. "महोदय, सविनय निवेदन है कि" इथून सुरुवात आणि "आपकी अति कृपा होगी" इथे शेवट. मग न्यू जर्सीच्या भाच्याने फोनवर काडी टाकली. अमेरिकेत म्हणे मेडिकलच्या वेटिंग लिस्टवरची मुलं कॉलेजला पत्र लिहितात: बोलावलंत तर मी दुसरीकडे कुठेही न जाता तुमच्याकडेच येईन. काही कॉलेजं अशी पत्रं मागतात, काही बजावतात की अजिबात लिहू नका. पण लिहायचं ते एकाच कॉलेजला, दिलेला शब्द असतो तो. वेटिंगरावांनी यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. रातोरात बसून त्यांनी एकनिष्ठेचं पत्र तयार केलं आणि अकरा कॉलेजांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. प्रत्येकाला कळवलं, की माझी कन्या फक्त आपल्याच पायरीशी येईल.

हे पत्र पोचलं का, हे विचारायला मग अकरा फोन. इंदूरच्या एका कॉलेजातले बाबू रोज त्यांच्या वाट्याला यायचे. पहिल्या आठवड्यात "बोलिए सर", दुसऱ्यात "बोलिए", तिसऱ्यात नुसतं "हां". ऑगस्टअखेर आवाज ऐकताच, "अरे भिया, हमारे हाथ में कुछ नहीं है, सब भोपाल से होता है." वेटिंगराव फोन ठेवून आम्हाला सांगायचे, "आज भिया म्हणाला. संबंध जुळून राहिलेत."

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. या राज्यात ‘हातात असलेली’ माणसं काय करू शकतात हे व्यापमं घोटाळ्याने दाखवून दिलं. मेडिकलच्या तेव्हाच्या प्रवेशपरीक्षेत, पीएमटीत, दुसऱ्याच्या नावावर बसणारे, आसनक्रमांक जुळवून घेणारे. २०१३ला ते गाठोडं सुटलं आणि किती घरं त्यात गेली. वेटिंगराव तेव्हाही वशिला शोधत होते, पुतण्यासाठी. पण त्यांच्या वशिल्यात पैसा नसतो. बँक नोट प्रेसमध्ये नोकरी, आयुष्यभर नव्या कोऱ्या नोटांच्या वासात बसून आलेला हा माणूस कुणाला पाचशेची नोट द्यायची म्हटलं की घामाघूम होतो. त्यांची लाच म्हणजे बाबूंची चौकशी. "तुमच्या मातोश्रींचा गुडघा कसा आहे?" इथवर त्यांची मजल.

मधल्या काळात नशिबावर रुसून झालं. ४ मे २०२५ला ऐन नीटच्या वेळी इंदूर-उज्जैनकडे वादळ झालं, केंद्रांवर वीज गेली, मुलांनी मिणमिणत्या उजेडात पेपर सोडवले आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. आपल्या मुलीच्या केंद्रावर लख्ख उजेड होता याचं वेटिंगरावांना अजून दुःख आहे. "केस तरी झाली असती," म्हणतात.

बायको टेकडीवर जायची, आधी मोठी माता, मग छोटी माता, म्हणजे तिथेही अर्ज दोन प्रतींत. धीर सुटला की वेटिंगराव संध्याकाळी माताजीच्या रस्त्याने कुमार गंधर्वांच्या ‘भानुकुल’वरून फिरून यायचे. "कुमारजी इथे क्षयाने आले, पाच-सहा वर्षं गाणं बंद. त्यांचं तर केवढं मोठं वेटिंग!"

आणि मुलगी? ती या सगळ्यात कुठेच नव्हती. खालच्या खोलीत कानात बोळे घालून पडायची, नाहीतर मोबाइलवर पसंतीक्रम वरखाली करत बसायची. बापाने अकरा कॉलेजं निवडली होती, तिने राज्यातलं एकही सोडलं नव्हतं. मॉप-अपच्या वेळी रात्री दीडला ती वर आली, बापाला हलवून उठवलं.

"बाबा, रीवा मिळालं. सरकारी."

वेटिंगराव उठून बसले, चष्मा शोधला, फाइल ओढली, पोस्टाच्या पावत्या दोनदा मोजल्या. अकराच्या अकरा. त्यात रीवा नव्हतं. बरोबरच आहे, देवासहून रात्रभराची गाडी, तिकडे कोण पत्र टाकतं? खोलीत जरा वेळ कुणी बोललं नाही.

"न लिहिल्यामुळेच!" ते शेवटी म्हणाले. "त्यांना मालूम पडलं, माणसं स्वाभिमानी आहेत."

परवा मी त्यांच्याकडे बसलो होतो. पेढे झाले होते, मुलीची ट्रंक दारात उभी होती. सकाळी दहा पस्तीसला फोन वाजला. इंदूरचे तेच बाबू. आवाज मऊ, अगदी पहिल्या आठवड्यातला. सर, आमच्या बहिणीचा मुलगा आहे, स्ट्रे राउंडची तारीख आणि चॉइस भरायचं जरा समजावून सांगाल का?

वेटिंगरावांनी फोन कानापासून लांब धरला, माझ्याकडे पाहिलं, घसा साफ केला.

"साहब मीटिंग में हैं," ते म्हणाले. "कल दस पैंतीस पे लगाइए."