मोजणीकाका

प्रत्येक सोसायटीत एक मोजणीकाका असतातच. आमचे टिंगरेनगरच्या बाजूला राहतात. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ३५ वर्षं काडतुसांचे व्यास तपासले. निवृत्तीनंतर तीच नजर खाण्याच्या गाड्यांवर रोखलेली. वडापाव लहान झालाय असं आपल्याला नुसतं वाटतं, काकांकडे त्याची तारीखवार नोंद असते. बरं, स्वतः खातात अर्धाच. साखर आहे ना! भूक चतकोराची, पण हिशेब अख्ख्या पोळीचा.

मध्यंतरी ते मुलाकडे सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन आले. लोक तिथला पूल बघून येतात, काका बरिटो बघून आले. मिशन भागात १९६०च्या दशकात रुजलेला, भात-राजमा ठासून चंदेरी कागदात गुंडाळलेला. "अरे, तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांत धरावा लागतो! आणि स्पॅनिशमध्ये बरिटो म्हणजे छोटं गाढव. छोटं, बरं का!"

परतल्यापासून आळंदी रोडवरच्या रोलवाल्या पोरावर संक्रांत आली.

"काका, घ्या. जंबो फ्रँकी."

काकांनी खिशातून टेप काढली. "साडेचार इंच! मुंबईत १९६९ साली अमरजितसिंग टिब यांनी फ्रँकी काढली, क्रिकेटपटू फ्रँक वॉरेलवरून नाव दिलं. तू नाव घेतोस फलंदाजाचं आणि माप देतोस बेलचं?"

"चीज वाढवू?"

"तिथंच चुकतोस! सारण वाढवलं की रोल मोठा होत नाही, फाटतो. पोळी वाढव. ८ इंचांची १२ केलीस तर व्यास दीडपट, पण क्षेत्रफळ सव्वादोनपट!"

मागे रांग चौकापर्यंत लांबत होती. काका शांतपणे पुढे: मैदा सैल मळ, अर्धा तास झाकून ठेव. भरण्याआधी पोळीला वाफ दे, म्हणजे ती न तुटता ताणते. भात मोकळा हवा. कडेला दोन बोटं जागा सोड. आधी दोन्ही बाजू आत घे, मग घट्ट गुंडाळ आणि जोडाची बाजू तव्यावर खाली ठेवून शेक.

पोरानं सगळं ऐकून घेतलं. "काका, तवाच १० इंची आहे."

एवढं अचूक उत्तर काकांना आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. ते न खाताच घरी आले. मी रोलची पुडी धरून मागोमाग.

काकू बेळगावच्या. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, एवढ्यासाठी अमेरिका कशाला? आमची आजी मांडे करायची. सारण भरलेला गोळा हातावर घेऊन कोपरापर्यंत ताणायची नि उपड्या खापरावर टाकायची. तुमचं ते गाढव त्यात दोनदा मावेल."

"पण खापर केवढं होतं?"

"झालं! दरवर्षी माउलींची पालखी आपल्याच रस्त्यानं जाते ना? मुक्ताबाईंना कुणी खापर देईना, तेव्हा त्यांनी ज्ञानोबांच्या पाठीवर मांडे भाजले म्हणतात. तव्याचं माप विचारत बसल्या नाहीत."

काका गप्प झाले. काकूंना वाटलं, चला, गाडं एकदाचं अध्यात्माकडे वळलं. त्या हात धुवायला आत गेल्या.

काकांनी हळूच टेप माझ्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"जरा बघ रे, माझी किती भरते."