पाळीचा पंचनामा

मराठीने कानाला भलतंच राबवून घेतलं आहे. तो धरायचा, पिळायचा, उपटायचा, फुंकायचा, भरायचा. आणि मालक चुगल्यांना भुलला तर ‘हलक्या कानाचा’ म्हणून बोल पुन्हा कानालाच. पण याहून मोठा अन्याय केला तो शाळेतल्या जीवशास्त्राने. त्याने कानाच्या पाळीला चक्क साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं. सुटी पाळी प्रभावी, चिकटलेली अप्रभावी, जनुक एकच, आटोपला कारभार! म्हणजे आईबाप दोघांच्याही पाळ्या चिकटलेल्या असतील, तर सुट्या पाळीच्या पोराने जन्माला येण्याआधी खुलासा सादर करायला हवा. मेंडेलचे वाटाणे गुळगुळीत नाहीतर सुरकुतलेले निघाले, ही वाटाण्यांची शिस्त. ती कानाने का पाळावी?

पाळीने ती पाळलेलीही नाही. 1937 साली पॉवेल आणि व्हिटनी यांनी एकाच कुटुंबाच्या पिढ्या तपासून चिकटलेली पाळी अप्रभावी ठरवली. त्याच वर्षी वीनर यांनी (पुढे लँडस्टायनरबरोबर आरएच रक्तघटक शोधला तेच हे) हरकत घेतली, की पाळ्यांचे दोन गट नाहीतच; पूर्ण चिकटलेलीपासून ऐसपैस लोंबणारीपर्यंत मधल्या सगळ्या पायऱ्या दिसतात, आणि रेघ कुठे मारायची ते मारणाऱ्याच्या मर्जीवर. हरकत छापून आली आणि तिच्याकडे रीतसर कानाडोळा झाला. यावर कुणी म्हणेल, ‘अहो, पण कान थेट आजोबांवर जातात, ते कसं?’ जातात ना! आनुवंशिकता कुणी नाकारलेली नाही. नाकारला आहे तो एका जनुकाचा एकछत्री अंमल. 2017 साली 74,660 लोकांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पाळीच्या ठेवणीशी संबंध असलेल्या 49 जागा सापडल्या. बोटभर पाळीसाठी एवढी मोठी समिती! समितीचा निर्णय ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढाच कधी निघाला आहे? दुसरा आक्षेप गुरुजींचा: मुलांना सोपं करून सांगायला नको का? जरूर सांगा, त्यासाठी एबीओ रक्तगट आहेत, ते बरेच शिस्तीचे आहेत. शिवाय ते आरशात दिसत नाहीत, त्यामुळे तास संपल्यावर कुणी बापाच्या कानाकडे संशयाने टक लावून बसत नाही.

त्यातून कान एका मापावरही टिकत नाही. 1995 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इंग्लंडच्या डॉक्टरांनी 206 जणांचे कान मोजून वाढीचा अंदाज मांडला: वर्षाला सरासरी 0.22 मिलीमीटर. म्हणजे पन्नास वर्षांत सेंटिमीटरभर कान विनासायास. त्यात आपल्याकडे झुब्यांचा भार पाळीला सोसेना म्हणून वेल थेट केसांत अडकवायची रीत. तेव्हा आजीच्या पाळीतलं जनुकांचं किती आणि झुब्यांचं किती, हे सोनारालाच विचारावं. कान टोचायचा मान नाहीतरी त्याचाच.