मिस्टरांना घेऊन या

भारतात १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे. त्याची शिफारस ज्या समितीने केली, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री. म्हणजे मूळ आपल्याच घरातलं. घरच्या माणसाचं कोण ऐकतं?

कायद्याला सज्ञान बाईची एकच सही पुरते. पुष्कळ दवाखान्यांना मिस्टरांचीही लागते. मिस्टर नसले तर सासूबाई, भाऊ, गेलाबाजार दीर. "कुणीतरी जबाबदार माणूस आणा," असं सांगतात. जबाबदार म्हणजे, जिच्या पोटात गर्भ आहे ती सोडून कुणीही.

मग उलटतपासणी. लग्न झालंय का? पहिलं मूल आहे का? घरी माहीत आहे का? २०२१ च्या दुरुस्तीने कायद्यातला 'नवरा' जाऊन 'जोडीदार' आला. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित बाईलाही २४ आठवड्यांपर्यंतची सवलत लागू केली आणि कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी लादू नयेत, असं बजावलं. निकाल दिल्लीहून निघालाय, वॉर्डात पोचायचाय.

डॉक्टर म्हणतात, आम्हाला भीती वाटते. ती अगदीच खोटी नाही. गर्भलिंगनिदानबंदी कायद्याखाली तपासणी आली की प्रत्येक केसपेपर पुरावा होतो, आणि मुलगी अठराच्या आतली असली की पोलिसांना कळवायला लावणारा, बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा. पण सात आठवड्यांच्या गर्भाचं लिंग सोनोग्राफीत कुणालाच दिसत नाही; संशय तेवढा लख्ख दिसतो. अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे. निकाल वाचायला वेळ नाही, घाबरायला आहे.

काही डॉक्टरांच्या मनालाच गर्भपात पटत नाही. ठीक आहे. मग तसं तोंडावर सांगावं आणि करणाऱ्या डॉक्टरचा पत्ता द्यावा. पण 'नाही' म्हणायचं धाडस कुणी करायचं? त्यापेक्षा सोमवारी या. मॅडम रजेवर आहेत, गुरुवारी या. ही सोनोग्राफी जुनी झाली, नवी काढा. विसाव्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, पुढे चोविसाव्यापर्यंत ठरावीक बायकांसाठीच, तेही दोघांचं. नकाराचं काम कॅलेंडर बिनबोभाट उरकतं.

आणि शेवटी तिलाच दटावतात : "बाई, इतका उशीर? आधी का नाही आलात?"