गळतीवाले आबा

गळती बंद करणारी माणसं गावोगाव मिळतात. येतात, पाइप बदलतात, पैसे घेतात, जातात. आमचे आबा त्यांतले नव्हेत. आबा गळती शोधणारे. ती बंद करणं ही त्यांच्या लेखी हमाली; कुणीही करावी. पण ती नेमकी कुठून, कधी आणि का होते, हे सांगणारा माणूस पंचक्रोशीत एकच आहे असं त्यांचं मत आहे, आणि ते मत ते मोकळेपणाने सांगतात.

आबांचं घर देवबागला. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथली ती चिंचोळी पट्टी: पुढच्या दारी समुद्र, मागच्या दारी खाडी. उभा जन्म मुंबईच्या गोदीत फिटर म्हणून काढून ते गावी आले आणि फंडाच्या पैशातून त्यांनी एक फायबरची छोटी होडी आणि पंधरा हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन घेतलं. धंद्यासाठी नव्हे. पर्यटकांना डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी त्या किनाऱ्यावर थोड्या नाहीत. आबांची होडी हौसेची. संध्याकाळी खाडीत एक फेरी मारावी, जमलं तर गरी टाकावी, पाहुणे आले तर त्यांना संगमापर्यंत फिरवून आणावं, असा बेत होता. प्रत्यक्षात होडी पाण्यात कमी आणि माडाखाली जास्त असते, आणि तिच्याशेजारी डोक्याला पंचा गुंडाळलेले आबा उकिडवे बसलेले असतात.

या जातीच्या माणसाची एक खूण आहे. दुरुस्ती लवकर झाली की त्याचा चेहरा उतरतो. शेजारच्यांचं छप्पर गळत होतं तेव्हा त्यांनी फुटकं कौल बदलायला माणूस बोलावला. आबांनी त्याला शिडीवरून खाली उतरवलं. पाणी जिथे ठिबकतं तिथे ते शिरलेलं नसतं, वर कुठेतरी शिरून वाशावरून ओघळत येतं, हा त्यांचा सिद्धांत. सिद्धांत बरोबरच आहे. तो पडताळण्यासाठी त्यांनी छपरावर कळशी कळशी पाणी ओतायला लावलं आणि स्वतः खाली बॅटरी घेऊन उभे राहिले. वाट सापडली. मधल्या वेळात भाताची पोती भिजली, पण तो विषय आबांच्या कक्षेतला नव्हता.

नारळी पौर्णिमा झाली, होडीवरचे झाप निघाले आणि पेट्रोलचा वास आला. दुसरा कुणी वैतागला असता. आबांनी दोन्ही तळहात एकमेकांवर चोळले.

पहिला हुकूम सुटला तो विडीवर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती वर उडून जात नाही, होडीच्या तळाशी साचून बसते. ठिणगी पडली की होडीसकट सगळे आकाशात. हे खरंच आहे आणि इथे आबांची कुणी थट्टा करू नये. टाकी त्यांनी आधी उचलून वाळूवर आणली, इंजिनाची बॅटरीबिटरी काही नव्हतीच, आणि दोन दिवस होडीला वारा खाऊ दिला. गंमत आहे ती त्यानंतरची.

शेजारचा पोरगा वॉटर स्पोर्ट्सच्या बोटीवर कामाला असतो. तो जाता जाता म्हणाला, "आबानू, पाइप बदला. मालवणात बल्बासकट तयार गावता."

"आणि कारण?"

"कसला कारण?"

"गळण्याचा कारण! पाइप बदललंस, वास थांबलो, तर तुका काय कळला?"

"वास थांबलो, ता कळला."

आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पोरगा पुढचे काही दिवस मागच्या वाटेने गेला.

मग एक म्हातारे खलाशी आले. त्यांनी कपड्याच्या साबणाची वडी आणली होती. ट्रकची टाकी चिरली की ड्रायव्हर चिरेवर साबण घासतात, साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही आणि चीर बुजते. आबांनी हे शास्त्र मान्य केलं, खलाशांना चहा पाजला आणि साबण परत दिला. टाकी प्लास्टिकची होती आणि तिला चीर नव्हती. उपाय रोगाआधी दारात येता कामा नये, म्हणाले.

तपास टाकीपासून सुरू झाला. पहिला संशयित म्हणजे झाकणावरचा हवेचा स्क्रू. तो बंद ठेवून टाकी उन्हात राहिली की आत वाफ दाटते, टाकी फुगते, आणि तो दाब पेट्रोलला पाइपातून ढकलत कार्बुरेटरच्या सुईपलीकडे नेतो. मग इंजिनाखाली थेंब पडतात आणि लोक इंजिनाला शिव्या घालतात. आबांनी पाइप इंजिनाला जोडून, स्क्रू बंद करून, टाकी मुद्दाम उन्हात ठेवली आणि स्टूल टाकून तिच्याकडे बघत बसले. टाकी फुगली. इंजिनाखाली थेंब पडला नाही. संशयित सुटला. आबांना वाईट वाटलं असेल म्हणाल तर मुळीच नाही. पुढचे संशयित अजून बाकी होते.

पेट्रोलची खोड अशी की ते गळतं आणि तुम्ही बघायला जाईपर्यंत उडून जातं. पण टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं असतं, आणि ऑइल उडत नाही. मागे चिकट डाग राहतो. तो डाग उमटावा म्हणून आबांनी सगळा पाइप, त्याच्या मधला दाबायचा रबरी बल्ब आणि सगळे सांधे कोरडे पुसून त्यांवर पावडर शिंपडली. पावडर काकूंची होती.

"माका बारशाक जावचा आसा!" काकू ओट्यावरून ओरडल्या.

"मुरूम येणा नाय तुझ्या तोंडार, कित्याक व्हयी पावडर?" आबा मान वर न करता म्हणाले. या वाक्याचे परिणाम त्यांना रात्री जेवताना कळले, पण त्या वेळी त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. बल्ब उभा धरून, त्यावरचा बाण इंजिनाकडे म्हणजे वर करून, ते दाबत होते. बल्ब दगडासारखा कडक व्हायला हवा, तो होत नव्हता. आणि बल्बाच्या टाकीकडच्या तोंडाशी, क्लिपच्या कडेला, पांढऱ्या पावडरीत चिंचोक्याएवढा पिवळट डाग हळूहळू पसरत होता.

डाग सापडला म्हणून संपलं नाही. मागच्या मोसमात इंजिन पुरं पिळलं की धापा टाकायचं, आणि तेव्हा तर कुठे थेंब दिसत नसे. हे कसं? आबांनी शहाळी मागवली. एका स्ट्रॉला नखाने चीर पाडली आणि ती नळी जमलेल्या मंडळींतल्या एकाच्या हातात दिली. "ओढ." त्याने ओढली, पाण्याऐवजी फुर्र फुर्र हवाच आली. "आता फुंक." चिरेतून शेजाऱ्याच्या शर्टावर पिचकारी उडाली. इंजिन चालू असताना त्याचा पंप पेट्रोल ओढतो, म्हणून चिरेतून बाहेर काही येत नाही, उलट हवा आत शिरते आणि इंजिन उपाशी राहतं. हाताने बल्ब दाबला की आतून दाब येतो आणि पेट्रोल बाहेर. वास आणि धापा, दोन तक्रारी, भोक एक. मी इतक्या वर्षांत इंजिनाबद्दल इतकं स्वच्छ काही ऐकलेलं नाही.

आता कारणाचं कारण. क्लिप साध्या लोखंडाची, खाऱ्या हवेने तिचा अर्धा गंज झाला होता. पण रबरही ताठलं होतं, वाकवलं की बारीक भेगा. आबांनी त्याचं खापर इथेनॉलवर फोडलं. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या घडणीच्या रबराला ते सोसत नाही, शिवाय ते हवेतली ओल ओढतं, आणि पावसाळाभर टाकीत तसंच ठेवलं तर आणखी वाईट. 2030 सालासाठी ठरवलेलं हे वीस टक्क्यांचं उद्दिष्ट सरकारने 2025 वर आणलं, हे आबा ज्या अभिमानाने सांगत होते त्यावरून वाटावं की दिल्लीत कुणीतरी खास त्यांच्या पाइपाचा विचार करून फाइलवर सही केली.

दुरुस्तीला अर्धा तास लागला. मालवणातून बल्बासकट तयार पाइप आला. तो शेजारच्या पोराने आणला आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही, याबद्दल त्याचं कौतुक केलं पाहिजे. स्टेनलेस स्टीलच्या क्लिपा लागल्या, जुनं पेट्रोल काढून ताजं भरलं, बल्ब कडक झाला, इंजिन दुसऱ्या दोरीला धडधडलं.

आणि आबा एकदम वठले. ओट्यावर बसून राहायचे. काकूंनी दाखवला तर नळ बघायचे, पण मन नसायचं. होडी काढा म्हटलं तर "काढूया कधीतरी."

शेवटी मुंबईहून भाचा आला, बायकोमुलांसकट. नाइलाज झाला. खाडी शांत होती, भरती लागत होती, इंजिन एकदाही धापलं नाही. मुलं बर्फाच्या डब्यातून सरबत काढून पीत होती. संगम दिसायला लागला तेवढ्यात आबांची नजर पायाशी गेली. तळात पाणी होतं. जास्त नाही, मुलांच्या चपला तरंगतील इतकं.

आबांनी इंजिन बंद केलं. खाली वाकले, पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. डब्यातल्या बर्फाचं असतं तर गोडं लागलं असतं.

"खारट!" आबा म्हणाले. श्रावणापासून त्यांचा चेहरा इतका उजळलेला कुणी पाहिला नव्हता.

"मामा, मागे फिरायचं का?" भाचेसुनेने मुलांना जवळ ओढत विचारलं.

"थांब गो. फिरलव तर पाणी हलतला, मग कायच कळूचा नाय. आधी बघूया खयसून येता ता."